येय सिमच्या तोंडातलं नाणं

ता थोल मढ्यांवर ओरडायचा. ता म्हणजे आजा, म्हणून अख्खं स्वाय थोम गाव त्याला ता थोल म्हणायचं, आणि गावातल्या प्रत्येक घरानं आपलं कुणी ना कुणी त्याच्या हातनं जाळून घेतलं होतं. न्हाऊ घालताना एखाद्याचा हात आखडला की तो खेकसायचा, "आता कशाला मूठ आवळतोस? जिवंतपणी काय दिलंस कुणाला?" एखादी म्हातारी हलकी लागली की म्हणायचा, "सुनेनं जेवायला घातलं नाही वाटतं." सुना तिथंच पांढऱ्या कपड्यात बसलेल्या असायच्या. पण कुणी रागवायचं नाही. कारण ओरडता ओरडता तो नखं साफ करायचा, कानातली माती काढायचा, केसांना खोबरेल लावायचा. पोटच्या पोरांनी कधी केलं नसेल इतकं करायचा.

धुरानं त्याचा डावा डोळा कायम गळायचा. लोकांना वाटायचं रडतोय. तो रडणारा माणूस नव्हता.

काळ्या कपडेवाल्यांचं राज्य होतं तेव्हा तो मिसरूड फुटलेला पोरगा होता. त्याला खड्ड्यांवर लावलं होतं. मारलेली माणसं यायची, खड्ड्यात जायची, वर माती. नाव नाही, दिवा नाही, तोंडात नाणं नाही, घाई घाई नुसती. त्यात त्याचा बापही गेला आणि कुठल्या खड्ड्यात गेला हे त्याला कळलं नाही. ते राज्य गेल्यावर गावात पहिलं माणूस मेलं, तेव्हा चितेजवळ जायला कुणी तयार नव्हतं. हा गेला. तेव्हापासून हाच. त्यानंतर त्यानं एकही माणूस घाईत जाळलं नाही. राख थंड झाली की ती हातानं गोळा करून माणसाच्या आकारात मांडायचा, डोकं, हात, पाय. मग ते राखेचं माणूस मावळतीकडून उगवतीकडं वळवायचा, पुढच्या जन्माकडं, नारळाच्या पाण्यानं हाडं धुवायचा आणि तोंडातलं नाणं शोधून घरच्यांच्या हातात ठेवायचा. ते नाणं नातवंडाच्या गळ्यात जातं. मेलेली आजी पोराला सांभाळते म्हणतात. सांभाळत असेल. जिवंत आया शेतात असतात, कुणीतरी सांभाळायला पाहिजेच.

इतक्या वर्षांत त्याच्या हातनं नाणं हरवलं नव्हतं. येय सिमचं हरवलं.

येय सिम, म्हणजे सिम आजी, गावातली सगळ्यात म्हातारी बाई. तिला एक मुलगा, वुथी, आणि एक मुलगी, चान्थू. चान्थू सकाळी तांदळाच्या शेवया विकते आणि दिवसभर आईचं करायची. वुथी गटाच्या पंचायतीत मेंबर. त्याचं काम म्हणजे महामहिमांच्या मोटारीचं दार उघडणं. दुसरं कुणी आधी उघडलं तर तो ते बंद करून पुन्हा उघडायचा. हे खोटं वाटेल, पण गावानं बघितलंय.

महामहिम म्हणजे केव बोरिथ. इथलाच, वाण्याचा पोरगा. राजधानीत जाऊन मोठा पुढारी झाला आणि मोठा झाल्यावर इथं फक्त निवडणुकीला आणि वाढदिवसाला यायला लागला. साठावा वाढदिवस आला तेव्हा त्यानं स्वतःच्या सन्मानार्थ चांदीचं नाणं काढलं. सन्मान स्वतःचा, काढणारा स्वतः, वाटणाराही स्वतः. लाल मखमलीची डबी, आत कापूस, कापसावर नाणं, आणि झाकणात सोनेरी अक्षरात छापलेलं, शुद्ध चांदी. गावोगावच्या म्हाताऱ्यांना मांडवात बसवून ते वाटलं.

नाण्याच्या एका बाजूला महामहिमांचं तोंड. कान जरा जास्तच मोठे. लांब कान भाग्यवंताचे म्हणतात, शिवाय जनतेचं ऐकतो हेही दिसलं पाहिजे, म्हणून कारागिरानं कान असे काढले होते की हत्तीनं लाजावं. दुसऱ्या बाजूला पूल. तो पूल आमच्या नदीवर आहे. म्हणजे त्याचे खांब आहेत, अलीकडच्या काठाला, आणि त्यांच्यावर बगळे बसतात. नाण्यावर मात्र पूल पुरा झालाय आणि वरून मोटार चाललीय.

येय सिमनं डबी उघडून नाणं डोळ्यांजवळ नेलं होतं आणि विचारलं होतं, हा वाण्याचा ना? वुथी म्हणाला, आई, महामहिम म्हण. ती म्हणाली, याला लहानपणी मी नदीतनं बाहेर ओढलं होतं, नागडा होता, तेव्हा बरा दिसायचा. मग डबी बंद करून तिनं पोरीला सांगितलं की माझ्या तोंडात माझ्या आईचं नाणं घाल. ते जुनं फिरंगी चांदीचं नाणं होतं, वर बसलेली बाई असलेलं. येय सिमच्या आजीच्या तोंडातनं निघालेलं, मग आईच्या. दोन चितांतनं गेलेलं आणि दोन्ही वेळा जसंच्या तसं परत आलेलं.

उन्हाळ्यात येय सिम गेली. ता थोलनं न्हाऊ घातलं. चान्थूनं पदरात बांधलेलं जुनं नाणं सोडलं, तेवढ्यात वुथी लाल डबी घेऊन आला. म्हणाला की महामहिमांच्या कचेरीतनं माणसं यायचीत, त्यांच्यासमोर हेच नाणं आईच्या तोंडात गेलं पाहिजे. चान्थू म्हणाली की आईनं सांगून ठेवलंय. वुथी म्हणाला, आईला राजकारण कळत नव्हतं. ती भांडली, पण घरात पुरुषमाणूस तो, जमलेले सगळे त्याच्या बाजूचे. ता थोलनं नाणं घेतलं, येय सिमच्या ओठांत सरकवलं आणि तिच्यावर खेकसला, "चाव आता. जन्मभर बोललीस त्याला, आता तोंड मिटून चाव."

चिता रचायला लाकूड वुथीनं आणलं. मांडवाला त्यानं साटीन लावलं, खुर्च्यांना गाठी मारलेले कपडे घातले, कर्णे अख्ख्या गावाला ऐकू जातील असे बांधले. आणि आईला जाळायला आंब्याचं ओलं लाकूड. ता थोलनं एक ओंडका उचलून त्याच्यासमोर आपटला आणि म्हणाला की हे लाकूड जाळण्यापेक्षा पेरलं तर उगवेल. वुथी म्हणाला, ता, भागवून घ्या.

भागवलं. नारळाच्या करवंट्या, वाळकी झावळी, कुणाच्या तरी मोडक्या होडीच्या फळ्या. पायाकडची बाजू पेटली, डोक्याकडची धुमसत राहिली. ता थोल खोकत खोकत दुपारभर तिथंच होता आणि घसा धुवायला ताडी पीत होता. ती तो नेहमीच प्यायचा. त्या दिवशी जरा जास्त झाली.

राख निवली. त्यानं येय सिम मांडली, वळवली, नारळाचं पाणी शिंपडलं आणि नाणं शोधायला बसला. सापडेना. घरचे बसले शोधायला. मग वुथीनं आणलेली माणसं बसली. चाळणी आणली, चाळून झालं. सगळे गोल काहीतरी शोधत होते. गोल आणि चकाकणारं. राखेत गोल काही नव्हतं. हाडं तेवढी मिळाली, काळी पडलेली, ती ता थोलनं वेचून कलशात ठेवली.

कचेरीतली माणसं बघत होती. वुथीचं तोंड आधी पडलं, मग लाल झालं. त्यानं ता थोलच्या खिशांत हात घातला. सगळ्यांसमोर. विड्याचं पान निघालं, काडेपेटी निघाली आणि एक वाळकी सुपारी.

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातोस, म्हाताऱ्या?" वुथी म्हणाला. जन्मात पहिल्यांदा तो त्याला अरे-तुरे बोलला. "तेही माझ्या आईच्या?"

ता थोलनं सुपारी परत खिशात ठेवली. ज्यांच्या बापाला, सासूला, पोराला त्यानं हातानं धुतलं होतं ते सगळे आपापल्या चपला शोधायला लागले. एक चान्थू म्हणाली की ता असं करणार नाहीत. तिला वुथीनं गप केलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असंच होतं. फाशी देणाऱ्याला घाई असते, आणि संन्यासी जवळच बसलेला असतो.

मग जे व्हायचं ते झालं. ता थोल बाजारात आला की बोलणं थांबायचं. बायका म्हणायला लागल्या की आमच्या सासूचं नाणंही मला हलकंच वाटलं होतं. कुणी म्हणालं, दारू पितो, दारू चांदीच मागते. विहाराच्या कमिटीचा मुख्य ता केत. त्याची भाताची गिरण, त्यामुळं त्याचं मतही गिरणीसारखंच, जो ओतेल त्याचं दळायचं. त्यानं कमिटी बसवली आणि ठरवलं की येय सिमच्या शंभराव्या दिवसाचं कार्य होईस्तोवर नाणं मिळालं नाही, तर यापुढं गावातलं कुठलंही माणूस ता थोलच्या हाती द्यायचं नाही. तालुक्याहून गॅसची भट्टी भाड्यानं आणायची. गाडीवर येते. बटण दाबलं की झालं.

ता थोलची बायको रिन केळी भाजून विकायची. तिची जीभ तिच्या निखाऱ्यांपेक्षा गरम. ती घरी येऊन म्हणाली, "ऐकलंस? तुझ्या जागी बटण येणार आहे."

तो म्हणाला की येऊ दे.

"येऊ दे म्हणे. ते बटण नखं काढणार आहे का मढ्याची?"

तो म्हणाला की त्या दिवशी ताडी जास्त झाली होती, रिन. राख नदीत सोडली तेव्हा तिच्याबरोबर गेलं असेल. माझ्याच हातनं गेलं असेल.

हे त्याला खात होतं. चोर म्हणाले त्याचं त्याला एवढं नव्हतं, चोर म्हणणाऱ्यांना तो आतनं बाहेरनं ओळखत होता. पण आपण येय सिमचं नाणं हरवलं, घाईत, नशेत, खड्ड्यावरच्यासारखं, हे त्याला गिळता येत नव्हतं. चिता हातची गेली तर त्याच्याजवळ उरणार काय होतं? एक गळका डोळा आणि रिनची बडबड.

शंभरावा दिवस जवळ आला तशी वुथीची वेगळीच पंचाईत झाली. त्यानं कचेरीत सांगून ठेवलं होतं की आईच्या तोंडातलं नाणं महामहिमांनी स्वतः त्याच्या तान्ह्या पोराच्या गळ्यात बांधावं. महामहिमांनी हो म्हटलं होतं. फोटोवाले यायचे होते. आणि नाणंच नाही. मग त्यानं कचेरीतनं गुपचूप दुसरं नाणं आणलं, नवं कोरं, त्याला काजळी फासली आणि ठरवलं की हेच ते. चोराकडनं मिळालं म्हणून सांगायचं. पण चोराकडनं मिळालं म्हणायचं तर चोर पाहिजे.

म्हणून तो ता केतला घेऊन, एक फणस आणि नवा चौकटीचा गमछा घेऊन ता थोलच्या झोपडीत आला. आता पुन्हा अहो-जाहो.

"ता, तुम्ही काही करायचं नाही. मांडवात यायचं, महामहिमांसमोर बसायचं, हात जोडायचे. ते माफ करतो म्हणतील. झालं."

"कशाबद्दल माफ?"

"चोरी म्हणायचं नाही. चूक म्हणायचं." वुथी समजावत म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाकडनं होते चूक."

ता केतनं वरनं सांगितलं की असं केलंस तर भट्टी येणार नाही. कमिटीचा शब्द.

ते गेल्यावर रिननं फणस उचलून अंगणात फेकला. कोंबड्या जमल्या.

"जाशील?" तिनं विचारलं.

"हरवलं तर माझ्याच हातनं ना," तो म्हणाला.

"आयुष्यभर मढी वळवलीस. आता तूच वळ, जिकडं फिरवतील तिकडं." असं म्हणून ती केळी सोलायला बसली, आणि त्या दिवशी तिनं सोललेली केळी कुणालाही विकण्यासारखी नव्हती.

शंभराव्या दिवशी सकाळी विहाराच्या ओसरीवर कलश उघडला. हाडं पुन्हा धुवून स्तूपात ठेवायची होती. तिकडं मांडवात कर्णे बोंबलत होते, चुलीवर कोंबडीच्या रश्श्याचं पातेलं चढलं होतं. ओसरीवर चान्थू पितळी परातीत नारळाचं पाणी घेऊन बसली होती आणि तिनंच हट्टानं ता थोलला शेजारी बसवलं होतं. हाडं डोक्यापासून पायापर्यंत लावायची तर दुसऱ्या कुणाला येतंय काय, असं ती वुथीला सगळ्यांदेखत म्हणाली होती. ता थोल धुतलेलं हाड घ्यायचा, पांढऱ्या कापडावर जागेवर ठेवायचा. आज तो ओरडत नव्हता. मढ्यांनाही चुकल्यासारखं झालं असेल.

चान्थूनं जबड्याचा एक काळा तुकडा उचलला आणि हातात तोलला.

"ता, हे हाड जड आहे."

त्यानं घेतलं. होतं जड. चिता निवल्यावर त्यानंच ते उचलून कलशात ठेवलं होतं, जबडा म्हणून. जबडा होताच, पण त्याला काहीतरी चिकटलं होतं, वितळून ओघळलेलं, वरनं राख आणि काजळी बसलेलं. चान्थूनं नारळाची शेंडी घेतली आणि घासायला लागली. काळं निघालं. खालनं करडं, शिशासारखं काहीतरी दिसलं. गोळा होता, ओघळ आलेला, जशी मेणबत्ती ओघळते. आणि गोळ्याच्या एका कडेला, जिथं आग नीट पोचली नव्हती, तिथं एक कान होता.

मोठा. भाग्यवंताचा. सगळा शाबूत, पाळीसकट.

दोघं त्या कानाकडं बघत बसले. चान्थूचे खांदे हलायला लागले, आधी वाटलं रडतेय, पण ती हसत होती, आईची हाडं समोर आणि तोंडात पदर कोंबून. ता थोल हसला नाही. त्यानं एवढंच म्हटलं, "हरवलं नव्हतं गं."

वुथीनं चांगलं सुकं लाकूड आणलं असतं तर हा कानसुद्धा उरला नसता. आणि ता थोल मरेपर्यंत चोर राहिला असता, स्वतःच्या मनातसुद्धा. पोरानं आईच्या सरणात कंजूसपणा केला, त्यातनं महामहिमांचा कान वाचला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वुथी बघायला आला की झालं का. त्यानं बघितलं. त्याला कळायला वेळ लागला, कारण कळून घ्यायचं नव्हतं. ओल्या लाकडाच्या त्या धुरात सुकट नीट भाजली नसती, तिथं चांदी वितळली? म्हणजे चांदी नव्हती. म्हणजे गावोगावच्या म्हाताऱ्यांनी कपाटात, देव्हाऱ्यात, उशाखाली जे ठेवलंय ते... त्यानं मागं वळून बघितलं की आणखी कुणी आहे का.

मग तो ता थोलजवळ उकिडवा बसला आणि हळू बोलायला लागला. म्हणाला, ता, हे आत टाका, कलशात, आणि वर हाडं ठेवा. ठरल्याप्रमाणं करू. महामहिम रस्त्यात आहेत.

"मी घेतलं नव्हतं," ता थोल म्हणाला.

"मला माहितेय ना आता. तुम्ही घेतलं नव्हतं हे मला माहितेय. म्हणूनच म्हणतो, घेतलं म्हणा. तुम्हाला काय फरक पडतो? तुमचं मन साफ आहे."

चान्थू म्हणाली, "दादा, तुला लाज आहे का?"

तो म्हणाला की बायकांना राजकारण कळत नाही. आणि ता थोलला म्हणाला की नाही म्हणालात तर उद्या भट्टी येईल, लिहून ठेवा. तेवढ्यात रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला आणि तो दार उघडायला पळाला. ता थोलनं गोळा जबड्यापासून सोडवला, हाड कापडावर त्याच्या जागी ठेवलं आणि मूठ मिटली.

महामहिम आले. वर छत्री धरणारा एक, पुढं वाट काढणारे चार. ते अंगानं वाढले होते आणि कान नाण्यापेक्षा बरेच लहान होते. सगळं गाव मांडवात होतं, पुढच्या रांगेत म्हातारे, डबीवाले. काहींनी डब्या आणल्याही होत्या, दिसाव्यात म्हणून. महामहिम पुलाबद्दल बोलले. पुढच्या वर्षी. मग आईबद्दल बोलले, आपल्या नाही, येय सिमबद्दल, की तिनं मला लहानपणी नदीतनं वाचवलं. तेवढं एक खरं बोलले. मग वुथीनं तबक आणलं, त्यावर लाल दोरा आणि काजळी फासलेलं नवं नाणं. वुथीची बायको पोराला घेऊन उभी राहिली. फोटोवाले गुडघ्यावर बसले.

"हे नाणं एका माणसानं घेतलं होतं," महामहिम माइकमध्ये म्हणाले, मायेनं. "पण तो गरीब आहे, म्हातारा आहे. चांदी पाहिली की कुणाचाही हात वळतो. मी त्याला माफ करतो. या आजोबा, पुढं या."

ता थोल पुढं आला. धुवट पांढरा सदरा, गळका डोळा. महामहिमांसमोर बसला आणि दोन्ही हात जोडले, कपाळापर्यंत नेले, शास्त्राप्रमाणं. वुथीनं श्वास सोडला. ता केतनं मान हलवली. मागं रिन उभी होती, तिनं तोंड फिरवलं.

मग ता थोलनं हात खाली घेतले आणि उघडले.

"महामहिम, मी गरीब आहे ते खरं," तो म्हणाला. माइक महामहिमांच्या हातात होता आणि चालू होता. "पण चांदी मी काही पाहिली नाही. मला येय सिमच्या जबड्यात हे सापडलं. हा तुमचा कान. बाकीचे तुम्ही ओल्या लाकडावरच वितळलात."

हे शब्द कर्ण्यांतनं नदीपलीकडं गेले, जिकडं पूल जात नाही.

महामहिमांनी गोळ्याकडं बघितलं आणि त्यांचा हात आपोआप स्वतःच्या कानाला लागला. फोटोवाल्यातला एक नवखा होता, त्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला. वुथीचं पोरगं रडायला लागलं. मग पुढच्या रांगेत कुणीतरी डबी उघडल्याचा आवाज झाला. मग दुसऱ्याची. मग सगळ्यांच्या.

महामहिम राजकारणी माणूस, फार वेळ गप्प बसणं त्यांना जमत नाही. म्हणाले की राजधानीतल्या कारखान्यानं आपल्याला फसवलं. चौकशी होईल. प्रत्येकाला नवं नाणं मिळेल, याहून मोठं. असं बोलत बोलत ते मोटारीपाशी पोचले, जेवण न करता. दार त्यांनीच उघडलं, कारण वुथी तबक हातात घेऊन उभाच होता. मग तो भानावर आला आणि मोटारीमागं पळाला, वळणापर्यंत. धुळीनं पांढरा होऊन परत आला तेव्हा पोराच्या गळ्यात चान्थू जुनं फिरंगी नाणं बांधत होती.

नवी नाणी अर्थात आली नाहीत. पूलही नाही.

लोक रश्श्यावर तुटून पडले. लाज वाटली की माणसाला भूक जास्त लागते. ता थोल ओसरीच्या पायरीवर बसून जेवत होता, शेजारी रिन. त्याच्याकडं येऊन चुकलं असं म्हणणारा एकही निघाला नाही. ज्यांनी खिसे तपासताना बघितलं होतं ते आता आपल्याला त्या नाण्याचा आधीपासूनच संशय होता म्हणून एकमेकांना सांगत होते. आमच्या गावात संशय सगळ्यांना आधीपासूनच असतो, फक्त तो निकालानंतर बाहेर येतो.

ता केत मात्र जेवला नाही. तो चुलीपाशी गेला. त्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशातनं लाल डबी काढली. ते नाणं त्यानं स्वतःच्या तोंडासाठी राखलं होतं, पोरांना सांगूनसुद्धा ठेवलं होतं. त्यानं ते चिमट्यानं निखाऱ्यावर ठेवलं. वाढणाऱ्या बायका पळी हातात धरून बघत होत्या. रश्श्याला पुन्हा उकळी यायच्या आत पूल वाकला, मोटार घसरली आणि सगळं राखेत गेलं.

मग तो पायऱ्यांपाशी आला आणि ता थोलच्या खालच्या पायरीवर बसला. गिरणीवाला माणूस, कमिटीचा मुख्य, जन्मात कुणाच्या खाली बसला नव्हता. बराच वेळ समोरच्या कुत्र्याकडं बघत राहिला.

"माझ्या तोंडात काय घालशील रे?" त्यानं शेवटी विचारलं.

ता थोल चावत राहिला. घास गिळल्यावर त्यानं विचारलं की घरात काय आहे.

"बायकोची चुन्याची डबी आहे. चांदीची. तिच्या आईची. तिचं झाकण निघतं."

"खरी चांदी?"

"खरी असेल. तेव्हा पुढारी नव्हते."

रिन फिस्सकन हसली. ता थोल हसला नाही.

"आणि गॅसची भट्टी?" त्यानं विचारलं.

"कसली भट्टी?" ता केत म्हणाला.

मागं आणखी काही म्हातारे येऊन उभे राहिले होते. कुणी बांगडी आणायची म्हणत होतं, कुणी जुना करगोटा. ता थोलनं ताट खाली ठेवलं, हात धुतला, सदऱ्याला पुसला आणि ता केतच्या हनुवटीखाली बोटं घातली.

"तोंड उघडा बघू," तो खेकसला.

सगळ्या गावादेखत ता केतनं आ केला. ता थोलनं आत वाकून बघितलं, डावीकडं, उजवीकडं, दात नसलेल्या हिरडीवर अंगठा फिरवला.

"बसेल," तो म्हणाला.